देवगांडुळासाठी वैशाखऱ्यापर्यंत

आधीच सांगून टाकते, मला सरपटणारं, बुळबुळीत किंवा टुणकन उडी मारणारं काहीही आवडत नाही. न्हाणीघरात पाल दिसली की मी बाहेर येऊन उभी राहते आणि नवरा झाडू घेऊन आत जातो. अशा बाईला भर श्रावणात पाच दिवस चिखलातून हिंडवण्याचं कारण एकच, मला जर्मन येतं. नाशिकच्या एका कारखान्यात मी जर्मन पत्रव्यवहार सांभाळते. उशिरा आलेली खोकी, न बसणारे नटबोल्ट आणि त्याबद्दलच्या दिलगिऱ्या एवढाच माझा शब्दसंग्रह. ऑस्ट्रियाहून एक वयस्कर गृहस्थ बेडूक-साप बघायला येताहेत, त्यांना इंग्रजी जमत नाही, असं आमच्या साहेबांच्या कानावर आलं आणि मला न विचारताच ते म्हणाले, "आमच्या बाई जातील की!"

बाई गेल्या.

कसारा

मी घाट उतरून आले आणि हेर, म्हणजे श्रीयुत, ब्रुनर मुंबईकडून. त्यांना ओळखणं अवघड नव्हतं. गुडघ्यापर्यंत रबरी बूट आणि हातात लांब दांड्याचा आकडा घेतलेला सत्तरीचा गोरा माणूस स्टेशनात एकच होता. ओळख व्हावी म्हणून मी जर्मनीतल्या हवेची चौकशी केली. त्यांनी आपण ऑस्ट्रियन असल्याचं सांगितलं. पुढे पाच दिवस भेटेल त्या प्रत्येकाला त्यांनी हे सांगितलं आणि दर वेळी मी ते इमानाने मराठीत केलं. उपयोग शून्य. शेवटपर्यंत सगळे त्यांना जर्मनबाबाच म्हणत होते.

आम्हाला न्यायला भालेराव आले होते. ते रेल्वेत कामाला, राहायला आटगावला, आणि पंचक्रोशीत कुणाच्याही घरात साप निघाला की बोलावणं त्यांनाच. एका प्राध्यापकांनी पत्र लिहून हेर ब्रुनरांची त्यांच्याशी गाठ घालून दिली होती. "जयभीम, मॅडम," म्हणून त्यांनी माझी पिशवी घेतली. जीपमध्ये बसल्या बसल्या मी मुद्द्यालाच हात घातला. या गृहस्थांना नेमकं काय बघायचंय?

हेर ब्रुनर हयातभर ट्राम चालवत होते. दर वर्षीच्या सुट्टीत ते कुठल्या तरी देशात जाऊन साप, सरडे, बेडूक शोधायचे. लोक देवळं बघतात, समुद्र बघतात, हे गृहस्थ दगड उलटे करून बघतात. आता त्यांना देवगांडूळ बघायचं होतं. हा प्राणी गांडूळ नाही आणि सापही नाही. तो बेडकाच्या नात्यातला, पण त्याला पाय नाहीत. सगळा जन्म ओल्या मातीत काढतो, त्यामुळे कुणाला दिसत नाही. त्यांनी तो बरण्यांत पाहिला होता, पुस्तकांत पाहिला होता. दोन वेगवेगळ्या देशांत जाऊन, खणून, हात हलवत परतले होते. या खेपेला निघताना डॉक्टरांनी छातीवर नळी ठेवून सांगितलं होतं, यानंतर असला प्रवास बंद.

"पकडून न्यायचा नाही," ते मला बजावत होते. "मातीत, जिवंत, माझ्या डोळ्यांनी एकदा बघायचा आहे."

भालेरावांनी हे ऐकून मांडीवर थाप मारली. "एवढंच ना? आमच्या भनीकडं, शांताकडं हाय! वैशाखऱ्याच्या पुढं वाडीवर दिलीय तिला. गेल्या पावसाळ्यात शेनखताच्या खड्ड्यात निगाला होता. मी स्वतः बगितला."

सोपं काम! दुसऱ्या दिवशी बघून तिसऱ्या दिवशी मी नाशिकला, असा हिशेब मी मनात मांडला. पण भालेरावांना दोन दिवस ड्यूटी होती. तोवर आटगाव-शहापूरकडे हिंडू, असं ठरलं. माझं मत कुणी विचारलं नाही.

आटगाव

भालेरावांच्या घरी मंदावहिनींनी गावठी कोंबडी केली होती. मसाल्याचा वास पार रस्त्यापर्यंत येत होता. ताटं वाढून झाल्यावर हेर ब्रुनर माझ्याकडे वळून म्हणाले, "यांना सांगा, मी मांस खात नाही."

साता समुद्रापलीकडून साप बघायला आलेला माणूस शाकाहारी असेल असं कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? मंदावहिनींचा चेहरा पडला. "मंग ह्यो जगतो कशावर?" त्यांनी विचारलं. त्यात माझा श्रावण. आमच्याकडे महिनाभर अंडंसुद्धा घरात येत नाही. "आमी नाय पाळत श्रावण," भालेराव म्हणाले, "पन तुमी पाळत असाल तर तसं सांगा, मॅडम." दोन पाहुणे आणि दोघांनी कोंबडीला नाही म्हणायचं? मला ते बघवेना. मी श्रावण मोडला. दोघांच्या वाटणीचं मी एकटीने खाल्लं आणि हेर ब्रुनर टाकळ्याची भाजी, तांदळाची भाकरी मिटक्या मारत खात राहिले. कोंबडी फार सुरेख झाली होती, हेही सांगायला हवं.

सांगायचा मुद्दा, कुणाला वाईट वाटू नये म्हणून मी वाटेल ते करते. हा माझा स्वभाव आहे आणि मी त्याला आजवर सद्गुण समजत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीला निघता निघता भालेराव म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं असंल. शांताला दोन ओळी लिवा. आमी परवा येतो, शेनखड्डा हाय तसा ठेव, हात लावू नको. मुरबाडकडच्या गाडीचा कंडक्टर वळखीचा हाय, तो पोचवंल. मला टाइम नाय."

मी चिठ्ठी लिहायला बसले. ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही तिला पहिल्याच ओळीत शेणखड्डा लिहायचा? सातासमुद्रापलीकडचा पाहुणा येतोय आणि तो काय बघायला, तर तुमचं शेण? मला ते फार अडाणीपणाचं वाटलं. म्हणून मी व्यवस्थित लिहिलं: "परदेशी पाहुणे परवा आपल्या घरी येत आहेत. आपलं घर व आजूबाजूचा परिसर पाहण्याची त्यांना फार उत्सुकता आहे. आपणांस तसदी पडेल, त्याबद्दल क्षमस्व." दोनदा वाचली, घडी घातली आणि कंडक्टरकडे दिली.

शहापूरकडचे दोन दिवस

या दोन दिवसांचं वर्णन करायला बसले तर माझा रक्तदाब वाढेल. गोरा माणूस साप बघायला आलाय, ही बातमी आमच्याआधी सगळीकडे पोचत होती. जाऊ तिथे कुणी ना कुणी नाग दाखवायला तयार. नाग नको म्हटलं की लोकांना अपमान वाटे. "एवढ्या लांबून आलाय आनि नाग नको? मंग काय, दांडवा, गांडूल बगायचा?" एक गृहस्थ डबाभर गांडुळं घेऊन आले. दुसऱ्याने त्याहून मोठा डबा आणला. हेर ब्रुनर प्रत्येक डब्यात वाकून बघायचे, प्रत्येकाचे आभार मानायचे आणि ते आभार मी मराठीत पोचवायचे.

कळस झाला तो एका भातखाचराच्या बांधावर. लावणी झालेल्या शेतात नखाएवढा बेडूक ओरडत होता. तो नेमका कुठून ओरडतो ते कळावं म्हणून हेर ब्रुनर बांधावर पालथे झोपले आणि कान चिखलाला लावून डोळे मिटून घेतले. मी छत्री धरून शेजारी उभी. तेवढ्यात पलीकडून एक नवराबायको धावत आली.

"पडला गो बाबा! फीट आली!"

मी सांगायला तोंड उघडेपर्यंत नवऱ्याने पाय धरले होते आणि बायको घरी पळाली होती. परत आली ती हातात ठेचलेला कांदा घेऊन. फीट आलेल्याच्या नाकाला कांदा लावायचा, हे आमच्या नाशकातही आहे, पण बेडकाचा आवाज ऐकणाऱ्याला लावलेला मी प्रथमच पाहिला. हेर ब्रुनर शिंकत उठले. "आला, शुद्धीवर आला!" बाई खूश झाली. बेडूक अर्थात गप्प झाला. त्या दोघांनी आम्हाला घरी नेऊन चहा पाजला, बाबांना असं एकटं हिंडवू नका म्हणून मलाच दम भरला. हेर ब्रुनर मला विचारत होते की या कांद्यामागची प्रथा काय आहे. मी म्हटलं, स्वागताची.

खरं सांगायचं तर तोवर मी बहुतेक सगळं असंच गाळून, वळवून, गुळगुळीत करून दोन्हीकडे पोचवत होते. लांबलचक बोलणं मी दोन वाक्यांत गुंडाळायची. हेर ब्रुनर आपल्या प्राण्यांबद्दल पाच मिनिटं बोलत आणि मी लोकांना सांगायची, "त्यांना तुमचं गाव फार आवडलं." सगळे हसत. काम भागत होतं.

वैशाखरे

चौथ्या दिवशी सकाळी किन्हवली, सरळगाव करत जीप माळशेजच्या रस्त्याला लागली. डोंगरांवरून पाणी नुसतं लोंबत होतं. हेर ब्रुनर रात्रभर झोपले नव्हते म्हणे. घोटून दाढी केली होती, धुतलेला सदरा घातला होता. वैशाखरे मागे टाकून आम्ही वाडीवर पोचलो तेव्हा भालेराव उडी मारून उतरले आणि जागच्या जागी उभे राहिले.

असं स्वच्छ घर मी आयुष्यात पाहिलेलं नाही. अंगणातलं गवत मुळापासून खरवडलेलं. दगड एका रांगेत लावलेले, त्यांना चुना फासलेला. पडवीत रांगोळी. आणि गोठ्यामागे, जिथे शेणखताचा खड्डा असल्याचं भालेराव सांगत होते, तिथे मुरूम टाकून, धुमसून सपाट केलेली जागा. तिच्यावर पांढरी पावडर. पावडरीवर दोन खुर्च्या मांडलेल्या.

शांताबाई पदराला हात पुसत हसत पुढे आल्या. चाळिशीच्या, काटक. "या, या. दोन दिस आमी पाच बायका पाट्या वाहतोय. सगला खड्डा रिकामा केला. पावडर बी टाकली, किडामुंगी ऱ्हायली नाय बगा. पाहुन्यांना वास नको यायला!"

"अगो, तोच बगायला आलोय!" भालेराव किंचाळले. "हात लावू नको म्हनून लिवलं होतं ना!"

"कुटं लिवलं होतं?" शांताबाईंनी चोळीतून चिठ्ठी काढली आणि मोठ्याने वाचली. घर व आजूबाजूचा परिसर. फार उत्सुकता. तसदी. क्षमस्व. माझं सुवाच्य अक्षर.

हेर ब्रुनरांना शब्द कळत नव्हते, पण मुरूम दिसत होता. ते हळूच खुर्चीवर बसले. पायाखालच्या पावडरीवर बोट फिरवून त्यांनी ते नाकाशी नेलं. मग मला विचारलं, "इथेच होता का?"

तीन दिवस मी सगळ्यांवर चिडत होते. साहेबांवर, नागवाल्यांवर, कांदेवालीवर, या म्हाताऱ्यावर. आता चिडायला माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. मी आधी जर्मनमध्ये सांगितलं आणि मग मराठीत. चिठ्ठीत शेणखड्डा लिहायचा होता, मी लिहिला नाही, मला बरं दिसलं नाही.

शांताबाई माझ्याकडे वळल्या. "शेनाला शेन लिवायची लाज वाटली तुमाला?"

"हो," मी म्हटलं.

"आनि आमी दोन दिस पावसात पाट्या वाहिल्या." त्या शांतपणे म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

हेर ब्रुनर रागावले नाहीत, याचा मला आणखीच राग आला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ते खत कुठे नेलं?" वरच्या माळावर, नाचणीच्या कडेला ढीग घातला होता. ते म्हणाले, प्राणी खतात असतील तर खताबरोबर पाटीतूनच गेले असतील. मी हे शब्दन् शब्द मराठीत केलं.

शांताबाईंनी डोक्याला हात लावला. "म्हंजे माज्या डोक्यावरून गेला व्हय तो?" आणि मग त्यांना जे हसू फुटलं ते आवरेना.

वरचा माळ

चौथ्या दिवसाची उरलेली दुपार आणि पाचव्या दिवसाची सकाळ आम्ही त्या ढिगापाशी काढली. मी, हेर ब्रुनर, भालेराव, शांताबाई. फावडं, कुदळ बंद, प्राणी तुटेल. फक्त हात. पहिल्या अर्ध्या तासात मी बोटांच्या चिमटीत शेण उचलत होते. "तसं नाय गो मॅडम, भाकरीचं पीठ कालवतात तसा हात घाला," शांताबाईंनी सांगितलं. त्या मला आता 'गो' म्हणायला लागल्या होत्या आणि मला ते बरं वाटत होतं. गोम निघाली, विंचू निघाला, साबुदाण्यासारखी कसली तरी अंडी निघाली. गांडुळं तर अगणित. दर वेळी हेर ब्रुनर वळायचे आणि दर वेळी ते गांडूळच असायचं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओठांना निळसर छटा आली तेव्हा भालेरावांनी त्यांना सक्तीने दगडावर बसवलं. दहा मिनिटांत ते पुन्हा ढिगापाशी.

दुपारी जीप निघायची होती. पहाटे त्यांचं विमान. साडेअकराच्या सुमारास खालून निरोप आला, चहा झालाय, पाहुण्यांना पाठवा. चहा न घेता पाहुणा उंबऱ्यावरून जात नाही. हेर ब्रुनर नको म्हणत होते. त्यांना थोडाच वेळ उरला होता. पण शांताबाईंच्या सासूबाई कपात चहा ओतून वाट बघत होत्या आणि मीच त्यांना म्हटलं, "जा, नाहीतर वाईट दिसेल. पाच मिनिटांचा प्रश्न आहे." भालेराव त्यांना धरून उतारावरून घेऊन गेले.

मी ढिगाच्या तळाशी हात घातला. जमिनीला टेकलेला थर गार आणि घट्ट होता. बोटांभोवती काहीतरी फिरलं. गांडूळ असं फिरत नाही. देवगांडुळाला जोर असतो हे मला तेव्हा कळलं. मी मूठ वर काढली आणि तो माझ्या हातात होता.

"ह्योच! ह्योच तो!" शांताबाई ओरडल्या.

मीही ओरडले. हेर ब्रुनरांना हाक मारली, आणि त्याच क्षणी त्याने तोंड माझ्या मनगटाकडे वळवलं. मी किंकाळी फोडली आणि माझी मूठ उघडली. तो ढिगाच्या कडेला पडला, नाक मातीत घातलं आणि बघता बघता गेला. शांताबाईंनी झडप घातली, तेव्हा त्यांच्या हातात नुसता चिखल आला.

हेर ब्रुनर उतारावरून धावत वर येत होते. सत्तर वर्षांचा, हृदयाचा दुखणेकरी माणूस, रबरी बुटांत. भालेराव मागून "हळू, हळू" ओरडत होते. ते पोचले तेव्हा मी दोन्ही हात पसरून उभी होते आणि हात रिकामे होते. आम्ही चौघांनी तो सगळा ढीग आणि त्याखालची हातभर जमीन उकरली. जीपवाल्याने दोनदा हॉर्न दिला. काही नाही.

मग ते ओल्या बांधावर बसले, धाप टाकत. खिशातून एक छोटी वही काढली आणि म्हणाले, "सांगा."

मी सांगितलं. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत लांब. करंगळीहून जाड. रंग ओल्या वांग्यासारखा. वांग्याला त्यांच्याकडे निराळा शब्द आहे, तो आम्ही दोघांनी मिळून शोधून काढला. अंगभर कडी, एकाला एक लागून. पोटाकडे फिकट. डोळा म्हणजे कातड्याआड टाचणीचं टोक. शेपूट आणि तोंड सारखंच बोथट. ते विचारत होते आणि मी सांगत होते. गार होता का? हो. निसटताना आवाज आला? नाही. आधी डोकं गेलं की अंग वळलं? आधी डोकं. माझ्या नटबोल्टच्या जर्मनने मी सांगत होते आणि ते पावसापासून वही छातीशी धरून लिहून घेत होते. जीपवाला हॉर्न वाजवायचा थांबला होता.

लिहून झाल्यावर त्यांनी मला दाखवलं. सगळ्यात वर ठिकाण, त्याखाली प्राण्याचं नाव, आणि "पाहिला कुणी" या शब्दांपुढे माझं नाव.

"तुमचं लिहा," मी म्हटलं. "कोण विचारायला येणार आहे?"

"पण मी पाहिला नाही," ते म्हणाले. वही खिशात ठेवून त्यांनी माझे शेणाने माखलेले हात आपल्या हातांत घेतले. "आता निदान मला माहीत आहे की तो इथे आहे. तुम्ही त्याला सोडलंत ते बरं केलंत. घाबरला असेल."

मला इतका राग आला, माझा, त्यांच्या त्या भलेपणाचा, पाच मिनिटांच्या चहाचा, की मी तिथेच बांधावर बसून ढसाढसा रडले.

शांताबाई माझ्या पाठीवर हात ठेवून वाकल्या. "काय म्हनतोय गो जर्मनबाबा?" त्यांनी विचारलं.

एवढी तीन-चार वाक्यं, आणि मला ती मराठीत सांगता येईनात.